ई९२ एम३: कॉनरॉड बेअरिंगं कधी बदलायची, आणि गोव्यात हे काम करायचं तर कसं?

रेडलाइन_पर्वरी

नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू एम३, ई९२, २००९ची, मॅन्युअल गिअरबॉक्स, इंजिन एस६५. मीटरवर ६१,००० किमी. कॉनरॉडची (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या शाफ्टशी, जोडणारी दांडी) बेअरिंगं मूळचीच आहेत, बदलल्याची नोंद कुठेच नाही. आवाज नाही, तेलाचा दिवा लागत नाही, तेल फारसं खात नाही. वापर म्हणाल तर आठवडाभर पर्वरी–पणजी, रविवारी चोर्ला घाट किंवा मोपाकडचा रस्ता. जूनपासून चवथीपर्यंत (गणेशचतुर्थी) गाडी जवळजवळ उभीच.

काही आवाज नसताना इंजिन उघडावं का? तेलाच्या तपासणीवर किती विसंबायचं? काम इंजिन न उतरवता होतं म्हणतात, ते खरं का? आणि क्रँक मोजायचा झाला तर इथे कुणाकडे न्यायचा? बेअरिंगचं क्लिअरन्स (तेलासाठीची फट) जरा जास्त असलेले शेल (बेअरिंगचे अर्धगोल पत्रे) मिळतात, ते घ्यावेत की कंपनीचेच, यावरही मत हवंय.

---

क्रँकपिन_फोंडा

आवाजाची वाट बघू नका. या इंजिनात बेअरिंग टकटकायला लागलं, की नुसते शेल बदलून भागायची वेळ बहुतेक निघून गेलेली असते. तोवर क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकच्या ज्या भागावर कॉनरॉड बसतो तिथे, चरे पडलेले असतात.

कारण समजून घ्या, म्हणजे निर्णय सोपा जाईल. एस६५ ८४०० आरपीएमपर्यंत फिरतं, स्ट्रोक ७५.२ मिमी. म्हणजे रेडलाइनला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २१ मीटर. पिस्टन आणि कॉनरॉडच्या जडत्वाचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ४२०० च्या मानाने ८४०० ला तो चौपट. त्या ओढीने कॉनरॉडचा मोठा डोळा उभा ताणला जातो आणि बाजूंनी आत येतो. त्यात मूळ क्लिअरन्स मुळातच कमी आणि तेल १०डब्ल्यू-६०, थंड असताना काकवीसारखं. अशा गाड्यांतून निघालेल्या शेलवर झीज बऱ्याचदा नुसती मधे नसते, दोन्ही अर्ध्यांच्या सांध्याजवळही असते. ती या ताणाची खूण.

आता तुमचा वापर. पर्वरी–पणजी अटल सेतूवरून दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. तेवढ्यात पाण्याचं तापमान जागेवर येतं, तेलाचं येत नाही. एम३मध्ये काटा तेलाच्या तापमानाचा दिलाय आणि आरपीएमच्या तबकडीवर तेल तापेल तसे विझत जाणारे दिवे दिलेत, ते शोभेला नाहीत. तेल ८० अंशांवर जाईपर्यंत ३५०० च्या वर नेऊ नका. आणि याची उलटी चूक घाटात होते: चौथ्या गिअरमध्ये १५०० वर पाय दाबून चढवणं. कमी आरपीएमला तेलाचा थर पातळ असतो आणि जळणाचा दाब पूर्ण असतो. चोर्ल्याला गिअर खाली टाका, ३००० च्या वर ठेवा, इंजिन सुखी राहील.

तेलाच्या तपासणीबद्दल. करा, पण एका अहवालावर हायसं वाटून घेऊ नका. सुरुवातीच्या शेलमध्ये शिसं आणि तांबं होतं, म्हणून अहवालात शिसं चढलं की कळायचं. नंतरच्या गाड्यांत शिसं नसलेले अ‍ॅल्युमिनियम-कथिलाचे शेल आले. त्यात शिसं शून्य दिसलं तरी अर्थ काहीच नाही, आणि अ‍ॅल्युमिनियम वाढलं तर ते बेअरिंगचं, पिस्टनचं की ब्लॉकचं हे सांगता येत नाही; या इंजिनाचा ब्लॉकच अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा आहे. तुमची २००९ची, म्हणजे शिसं-तांब्याचे शेल असण्याची शक्यता जास्त. तरीही स्पेक्ट्रोमीटरला साधारण ५ मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट दिसतात. मोठी पापडी निघाली तर ती फिल्टरमध्ये अडकते आणि अहवाल स्वच्छ येतो.

म्हणून फिल्टर कापून बघणं जास्त मोलाचं. कागदी घड्या पातीने कापा, पसरा, स्वच्छ पेट्रोलमध्ये हलक्या हाताने धुवा, उन्हात तिरकं धरून बघा. चमचमणारे पत्र्यासारखे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, न चिकटणारे रुपेरी किंवा तांबूस असतील तर बेअरिंगकडे बोट जातं.

माझं मत: ६१,००० वर, नोंद नसताना, बदलून टाका. पावसाळा संपल्यावर.

---

सबफ्रेम_मडगाव

इंजिन न उतरवता होतं, पण दोन खांबांची लिफ्ट हवी. जॅकस्टँडवर करू नका. सबफ्रेम (इंजिनाखालची आडवी चौकट) खाली घ्यायची आहे, गाडीखाली उताणं पडून टॉर्क पाना नीट ओढता येत नाही. दोन माणसं, दोन ते तीन दिवस धरा. मेन बेअरिंगं (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी) मात्र गाडीत होत नाहीत. एस६५ला खाली एकसंध बेडप्लेट आहे, मेनसाठी इंजिन बाहेरच काढावं लागतं. सुदैवाने मेन तितकी झिजत नाहीत.

बॅटरी सोडा. तेल कोमट असताना पूर्ण काढा. खालचं कव्हर आणि मजबुतीची प्लेट काढा. ती प्लेट न लावता गाडी रस्त्यावर न्यायची नाही, हे गॅरेजमधल्या पोरांनाही सांगून ठेवा. वरून इंजिनाला सपोर्ट बार लावून भार उचलून घ्या, मग माउंटचे बोल्ट. स्टिअरिंग व्हील सरळ ठेवून बांधून टाका, सांध्यावर रंगाची खूण करा. खाली सांधा सुटलेला असताना वर कुणी स्टिअरिंग फिरवलं तर आतली एअरबॅगची गुंडाळी पट्टी तुटते. स्टिअरिंग रॅक सबफ्रेमवरून सोडून वर बांधून ठेवा, अँटिरोल बार सोडा, सबफ्रेमखाली जॅक लावून खाली घ्या. सगळ्यांच्या जागा रंगाने आखून ठेवल्यात तरी शेवटी व्हील अलाइनमेंट करावंच लागेल.

तेलाचा चेंबर उतरला की आधी तळ बघा. गाळ, पापड्या, जुन्या सीलंटचे तुकडे. पिकअपच्या (तेल ओढणाऱ्या नळीच्या) जाळीत सीलंट अडकलेलं असेल तर तेलाची उपासमार तिथूनच सुरू झालेली असते.

कॉनरॉड आठ, म्हणजे अर्धे शेल सोळा, बोल्ट सोळा. एका क्रँकपिनवर दोन कॉनरॉड, म्हणून पिन खाली आणायची आणि दोन्ही करायचे, पण एका वेळी एकच सोडायचा. क्रँक पुढच्या बोल्टनेच, घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. कॅपला पंचने ठोकून खुणा करू नका, रंगाच्या पेनने सिलिंडर क्रमांक आणि पुढची बाजू लिहा. हे कॉनरॉड तोडून केलेले आहेत. कॅप आणि दांडा यांचा सांधा खडबडीत भेगेचा असतो आणि प्रत्येक जोडी एकमेकांनाच बसते. कॅप बदलली किंवा उलटी बसली तर तो कॉनरॉड गेला. त्या भेगेत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. बोल्ट अर्धे बाहेर घेऊन त्यांनाच धरून कॅप हलवा, सुटते.

कॉनरॉड दोन-तीन सेंटिमीटर वर ढकला, वरचा शेल बोटाने सरकवून काढा. निघालेले शेल क्रमाने ट्रेमध्ये, प्रत्येकावर सिलिंडर आणि वर-खाली लिहून. फोटो काढा. या सोळा तुकड्यांत इंजिनाची सगळी कुंडली असते:

वरच्या शेलच्या मध्यभागी झीज: जळणाचा भार, थोडी असणारच.
एकाच कडेला झीज: कॉनरॉड वाकलेला किंवा पिनला उतार.
सांध्याजवळ दोन्हीकडे झीज: वर क्रँकपिनभाऊंनी लिहिलंय तेच.
फिरण्याच्या दिशेत बारीक रेघा: तेलातली घाण.
पृष्ठभाग काळपट, खरवडल्यासारखा, चमक गेलेला: आम्ल. जुनं तेल आणि ओलावा. आपल्याकडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे जास्त शोधा.
तांबूस रंग: वरचा मऊ थर संपला. हा थर जेमतेम ०.०१ ते ०.०२५ मिमी जाडीचा असतो, त्यामुळे तांबं उघडं पडणं म्हणजे फार मोठा खड्डा नव्हे, पण राखीव काही उरलेलं नाही.

नवे शेल बसवताना मागची बाजू आणि कॉनरॉडचं भोक दोन्ही कोरडं, तेलाचा थेंबही नको. आतल्या बाजूला भरपूर असेंब्ली ल्यूब. वरचा आणि खालचा शेल वेगळा आहे, अदलाबदल नको. लेप दिलेले शेल घेतले असतील तर त्यांना कागद किंवा स्कॉचब्राइट लावू नका.

बोल्ट घट्ट करताना टॉर्क आणि नंतर कोन, असे टप्पे आहेत. आकडे तुमच्या बोल्टच्या क्रमांकाप्रमाणे वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. मूळ बोल्टचे आकडे बाहेरच्या कंपनीच्या बोल्टला चालत नाहीत, त्यांचं वंगणही वेगळं आणि बरेचदा लांबी किती ताणली ते गेजने मोजायचं असतं. कोनासाठी डिग्रीची तबकडी वापरा, अंदाजाने नको. बोल्टच्या डोक्यावर रंगाची रेघ मारा, म्हणजे कुठला झाला आणि कुठला राहिला हे खालून दिसतं. कोन जास्त झाला तर ढिला करून परत आवळायचा नाही, तो बोल्ट फेकायचा.

प्रत्येक जोडी झाली की कॉनरॉड हाताने पिनवर आडवा किंचित सरकतो का बघा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे जड लागलं तर तिथेच थांबा, सगळे आठ झाल्यावर शोधत बसू नका.

चेंबरचं गॅस्केट नवं. टायमिंग कव्हर आणि ब्लॉक भेटतात त्या कोपऱ्यांवर सीलंटचा लहान ठिपका, सगळीकडे फासायचं नाही. इंजिन माउंट याच वेळी बदला, परत तिथे हात घालायची पाळी येऊ नये.

---

म्हापशाचा_मायक्रोमीटर

वरचं सगळं बरोबर, पण मोजणीला दोघांनीही हात घातला नाही. शेल बदलणं हे निम्मं काम, उरलेलं निम्मं मोजणं.

पिन आधी नखाने तपासा. नख अडकत नसेल तर मायक्रोमीटर लावा, ०.००१ मिमी वाचणारा. एका पिनवर दोन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. चार आकड्यांत ०.००५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर शेल आणू नका, आधी क्रँकचा विचार करा. मग कॉनरॉडला नवे शेल घालून, बोल्ट पूर्ण आवळून, बोअर गेजने आतला व्यास घ्या, सांध्याला काटकोनात. सांध्याच्या रेषेत मोजू नका. शेल कडेला मुद्दाम पातळ केलेले असतात, तिथे आकडा मोठाच येणार.

दांडा गाडीतच असल्याने बोअर गेज शिरत नाही, ही खरी अडचण. तिथे प्लॅस्टिगेज, म्हणजे दाबून किती पसरली यावरून फट सांगणारी मऊ काडी. हिरवी काडी ०.०२५ ते ०.०७६ मिमीसाठी, तीच घ्या. शेल आणि पिन दोन्ही कोरडी, काडी रुंदीच्या दिशेने आडवी, बोल्ट पूर्ण टॉर्क-कोनापर्यंत, आणि मधे क्रँक केसभरही हलवायचा नाही. मोजणीला जुने बोल्ट वापरा, नवे शेवटच्या बांधणीला. कॉनरॉड पिनवर नीट टेकलेला नसेल तर आकडा खोटा येतो. ०.००५ ते ०.०१ मिमीची चूक या पद्धतीत गृहीतच धरा.

किती हवं? शर्यतीच्या इंजिनांचा जुना ठोकताळा: पिनच्या व्यासाचा हजारावा भाग. एस६५ची पिन ५२ मिमीच्या आसपास, म्हणजे ०.०५२. मूळ मांडणीत ते बरंच कमी निघतं, ०.०३ च्या जवळ. जास्त क्लिअरन्सचे शेल याच फरकासाठी निघाले. बेअरिंगमधून वाहणारं तेल क्लिअरन्सच्या घनाने वाढतं. ०.०३ चं ०.०४५ केलंत तर प्रवाह साधारण ३.४ पट. तेवढं जास्त तेल म्हणजे तेवढी जास्त उष्णता बाहेर. बदल्यात गरम आयडलला दाब थोडा उतरतो. रस्त्यावरच्या गाडीला मी ०.०४५ ते ०.०५५ मध्ये ठेवीन, पलीकडे नाही.

क्रँकबद्दल सावध. गोव्यात क्रँक ग्राइंडिंगचं काम जाणणारी माणसं आहेत, बार्ज आणि ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांमुळे. पण तिथला रिवाज म्हणजे चरा दिसला की ०.२५ मिमी उतरवून अंडरसाइज बेअरिंग घालायचं. एम३चा क्रँक पृष्ठभागावर कठीण केलेला असतो. ग्राइंड केलात तर तो थर जातो, परत नायट्रायडिंग (नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण करणं) करून मिळालं नाही तर क्रँक वाया. हलक्या रेघांना नुसतं पॉलिश. मशिनशॉपमध्ये गेलात तर पहिला प्रश्न हा विचारा, की मायक्रोमीटर शेवटचा कॅलिब्रेट कधी केला. ‘अंदाजे बरोबर आहे’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

आणि पावसाळ्यात इंजिन उघडू नका. उघडी पडलेली पिन किनाऱ्याच्या हवेत रातोरात तांबूस होते, घामाच्या बोटांचे ठसे तर त्याहून आधी उठतात. नायट्राइल हातमोजे, पिन पुसली की लगेच तेलाचा हात, आणि काम रात्रभर राहणार असेल तर खालून प्लॅस्टिक बांधा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ.

---

रेडलाइन_पर्वरी

देव बरें करूं, एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. दोन शंका. जास्त क्लिअरन्सचे शेल घातले तर तेल १०डब्ल्यू-६०च ठेवायचं की ५डब्ल्यू-४०? एका गॅरेजवाल्याने बेअरिंगसाठी अ‍ॅडिटिव्ह सुचवलंय. आणि पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी?

---

क्रँकपिन_फोंडा

क्लिअरन्स वाढवून तेलही पातळ करायचं, हे दोन्ही एकदम नको. १०डब्ल्यू-६० १०० अंशांना २२-२३ सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं माप), ४० ग्रेडचं तेल १२.५ ते १६.३. मूळ घट्ट क्लिअरन्सवर थोडं पातळ तेल घेणारे लोक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण घाट आणि ८४०० दोन्ही करणाऱ्या गाडीत ०.०५ वर मी ६०च ठेवीन. ई४६ एम३च्या वेळी बेअरिंगच्या तक्रारी आल्यावर बीएमडब्ल्यूने तेल ५डब्ल्यू-३० वरून १०डब्ल्यू-६० वर नेलं होतं, हेही ध्यानात असू द्या. अ‍ॅडिटिव्ह नको. तेलात आधीच हिशोबाने घातलेलं असतं.

तेल बदलायचं ते १०,००० किमीला किंवा वर्षाला, आणि पावसाळा लागण्याआधी, मे महिन्यात. बरेच जण चवथीनंतर गाडी काढताना बदलतात. मग वापरलेलं, आम्ल आणि पेट्रोलचा अंश असलेलं तेल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने, अर्धवट तापलेल्या इंजिनात, हे आणखी वाढतं. उभी असताना दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून ठेवायची सवय असेल तर सोडा. एक तर तीसेक किलोमीटर चालवून तेल पूर्ण तापवा, पणजीहून फोंड्यापर्यंत, नाही तर हातच लावू नका.

---

सबफ्रेम_मडगाव

पहिल्यांदा सुरू करताना: तेल ८.८ लिटर, फिल्टरसकट. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मधे अर्धा-एक मिनिट थांबा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग फ्यूज लावून सुरू. १५०० ते २००० वर धरा, खाली सांध्यांवर टॉर्च मारून गळती बघा. या गाडीला डिपस्टिक नाही, पातळी सेन्सरने दिसते आणि तीही तेल गरम असताना, सपाट जागेवर. थंड असताना ‘कमी’ दाखवतंय म्हणून लिटरभर ओतू नका. पहिले ५०० किमी ५००० च्या आत, मग तेल-फिल्टर बदलून फिल्टर कापा. थोडे कण दिसतील, दुसऱ्या वेळी दिसता कामा नयेत.

---

बॉक्सस्टर_वास्को

धाग्यात घुसतोय, माफी. २००३च्या ९८६ला (पोर्श बॉक्सस्टर) पण हाच प्रकार लागू का?

---

म्हापशाचा_मायक्रोमीटर

नाही. तुमची चिंता आयएमएस बेअरिंगची, म्हणजे मधल्या शाफ्टच्या टोकाचं बॉल बेअरिंग. क्रँकचं नव्हे. २००३चं म्हणजे एकेरी रांगेचं, सगळ्यात नाजूक मानलं जाणारं. क्लच उतरवाल तेव्हा फ्लायव्हीलमागून बदलता येतं, म्हणून क्लचच्या कामाबरोबरच करा. कॅम जागेवर लॉक करून, चेनचे टेन्शनर काढून, मगच फ्लँज (बेअरिंगवरचं झाकण). टेन्शनर तसेच ठेवून फ्लँज ओढली तर शाफ्ट एका बाजूला झुकतो आणि टायमिंग हलतं. २००६पासूनचं मोठं बेअरिंग त्या वाटेने निघत नाही, क्रँककेस फोडावा लागतो. २००९पासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. गिअरबॉक्सच्या जोडावर तेल दिसलं तर आधी क्रँकचा मागचा सील बघा, प्रत्येक गळती आयएमएसची नसते.

---

रेडलाइन_पर्वरी

शेवटचं. कॉनरॉडचे मूळ बोल्ट फक्त ६१,००० चाललेत, परत वापरले तर?

---

सबफ्रेम_मडगाव

नाही. ते एकदाच ताणायचे असतात. सोळा नवे मागवा, आणि दोन जास्तीचे. कोन चुकला की शेजारच्या दुकानात मिळत नाहीत, आणि तोवर गाडी लिफ्टवर लटकलेली.